खेड्यात जुना जॅझ ऐकायचं मंडळ चालवतो, आता गावच्या बँडवाल्यांना सोबत घ्यायचं आहे, जाणकारांनी सांगावं

पांढरं_सोनं (दर्यापूर तालुका)

राम राम मंडळी. आमच्या गावात वाचनालयाच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आम्ही काही लोकं जमतो आणि जुना जॅझ ऐकतो. जुना म्हणजे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा, १९१७ पासून १९३० च्या आसपासच्या रेकॉर्डी, आणि मग चाळीसच्या दशकात जे म्हातारे वादक लोकांनी शोधून परत उभे केले त्यांच्या, बंक जॉन्सन, जॉर्ज लुईस वगैरे. एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर, दोन मास्तर, कृषी केंद्रवाले भाऊ, कॉलेजच्या काही पोरी, भजनी मंडळाचे तबलजी, असे पंधरा-वीस जण असतात.

पद्धत अशी ठेवली आहे की एका बैठकीला चारच रेकॉर्डी. त्या काळच्या दहा इंची तव्याच्या एका बाजूला तीनेक मिनिटंच मावायची, त्यामुळे प्रत्येक रेकॉर्ड दोनदा लावता येते. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, कोणी बोलायचं नाही. दुसऱ्यांदा एकेकाने एकच वाद्य पकडायचं, तुम्ही कॉर्नेट (ट्रंपेटचाच आखूड भाऊ) धरा, तुम्ही क्लॅरिनेट, तुम्ही ट्रोम्बोन, आणि मग ज्याने जे धरलं त्याने सांगायचं की आपलं वाद्य कुठे वर गेलं, कुठे थांबलं, कोणाला उत्तर देऊन राहिलं होतं. यात इतकी मजा येते की लाईट गेली तरी लोकं उठत नाहीत, मोबाईलवर लावतो. तबलजींनीच एकदा मोजून सांगितलं की बारा बारचा ब्लूज (जॅझमधला गाण्याचा एक साचा, बार म्हणजे चार मात्रांचा खण) म्हणजे ४८ मात्रा, तीन ओळी, एकेक ओळ १६ मात्रांची, म्हणजे तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. त्या दिवसापासून ते सम धरून बसतात आणि हात वर करून दाखवतात.

गावातले लोक विचारतात की हे आपल्याकडे कायले पाहिजे. मी त्यांना कापसाची गोष्ट सांगतो. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध लागलं, १८६२ ला न्यू ऑर्लिन्सचं बंदर उत्तरेकडच्या फौजेने घेतलं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे तोंड वळवलं. इकडे भाव आभाळाला गेले आणि १८६५ ला युद्ध संपताच कोसळले. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, १८७० ला खामगावचा फाटा झाला, हे सगळं त्या कापसापायीच. आणि तिकडे त्याच कापसात गुलाम म्हणून राबलेल्या लोकांच्या मुला-नातवंडांनी हे संगीत उभं केलं. मला तरी हे परकं वाटत नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या गावात बँड पार्टी आहे, पिढ्यांपासूनची. त्यांचे मास्तर क्लॅरिनेट वाजवतात, ते एका बैठकीला येऊन दाराजवळ बसले होते. आम्ही किंग ऑलिव्हर या कॉर्नेटवाल्याच्या बँडची १९२३ ची डिपरमाउथ ब्लूज लावली, त्यात जॉनी डॉड्सचं क्लॅरिनेट आहे, ते त्यांनी परत लावायला लावलं, मग आणखी एकदा, आणि पुढच्या बैठकीला स्वतःचं क्लॅरिनेट कापडात गुंडाळून घेऊन आले आणि तो तुकडा बराचसा वाजवून दाखवला. हॉलमध्ये सगळे उभे राहिले. तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे की दिवाळी झाल्यावर, तुळशीच्या लग्नाआधी म्हणजे लगीनसराई सुरू व्हायच्या आत, मंडळातर्फे एक कार्यक्रम करावा, अर्धा रेकॉर्डी ऐकवायचा आणि अर्धा आमच्या बँडने वाजवायचा. यांना कोणालाच नोटेशन येत नाही, तर कसं बसवायचं, कोणते नंबर घ्यायचे, नव्या माणसाला आधी काय ऐकवावं म्हणजे खरखर ऐकून तो पळणार नाही, आणि या रेकॉर्डी जाहीर लावायला काही परवानगी लागते का, हे सगळं विचारायचं आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा.

क्लॅरिनेटवाला (अकोट)

भाऊ, वाचून लय बरं वाटलं. मी सोता बँडातला माणूस हाये, बाप बी बँडातच होता. पयली गोष्ट पैशाची सांगतो. रिहर्सलचे पैसे आधी ठरवा, कार्यक्रमाचे वेगळे. शाल-नारळ नंतर द्या, नाई दिलं तरी चालते, पण मानधन द्या आन् वाजवतानी खुर्च्या द्या. बँडवाल्याले आयुष्यभर चालत वाजवा लागते, बसून वाजवलं आन् समोर लोकं गप बसून आयकून राहिले, हे त्यायले कधी भेटलंच नसते. अन् दिवाळीच्या आधी सोयाबीन सोंगणी असते, आमचे अर्धे लोकं मजुरीले जातात, म्हणून रिहर्सल रात्री आठच्या नंतर ठेवा.

नोटेशनचं टेन्शन घेऊ नका. आमच्यातलं कोणीच कागद पाहून वाजवत नाई, फोनवर आयकून बसवतो. न्यू ऑर्लिन्सचे बी किती तरी लोकं तसेच कानावरचे होते. सुरुवात व्हेन द सेंट्स पासून करा. चाल सोपी हाये: सा ग म प, सा ग म प, सा ग म प ग सा ग रे. एवढं आलं का निम्मं झालं. ट्रंपेट, क्लॅरिनेट दोन्ही बी फ्लॅटचे असतात, म्हणून पेटी सोबत घेणार असान त काळी पाच धरा, तोच सूर हाये, सगळ्यायले सोयीचं जाते.

खरी अडचण दुसरीच हाये. वरातीत आमी सगळे एकच चाल वाजवतो, ट्रंपेट बी तेच, क्लॅरिनेट बी तेच, म्हंजे आवाज मोठा होते. जॅझमंदी तसं चालत नाई. ट्रंपेटनं चाल धराची, क्लॅरिनेटनं वरून तिच्या फटीफटीतून फिराचं, आन् ट्रोम्बोन खालून सरकत येते. तुमच्याकडे ट्रोम्बोन नसन त युफोनियम हायेच, त्याले ते काम द्या. पण सगळ्यायले एकदम बसवू नका. आधी दोघंच, ट्रंपेट आन् क्लॅरिनेट. ट्रंपेटवाल्याले सांगा का काही झालं तरी चाल सोडू नको. क्लॅरिनेटवाल्याले सांगा का ट्रंपेट थांबलं तवा बोल, ते बोलते तवा आयक. हे दोघायले जमलं का मग तिसरा घ्या.

ढोलासाठी एक गोष्ट. तिकडच्या जुन्या ब्रास बँडात दर दुसऱ्या बारच्या चौथ्या मात्रेवर ढोलाचा जोर असते, बिग फोर म्हणतात त्याले, बडी बोल्डन नावाच्या जुन्या कॉर्नेटवाल्याच्या बँडाच्या नावानं सांगतात. आपल्या हिशेबानं केहरव्याच्या आठव्या मात्रेवर. ढोलवाल्याले एवढं सांगून पाहा, पाच मिन्टात चाल बदलून जाते.

आन् तुमच्या मास्तरायचं क्लॅरिनेट जर मेरठच्या जाली कोठीचं जुनं असन त त्याच्या चाव्या बहुतेक अल्बर्ट सिस्टीमच्या, म्हंजे जुन्या मांडणीच्या, असतीन. जॉनी डॉड्स आन् जॉर्ज लुईस त्याच सिस्टीमवर वाजवत होते. म्हंजे बोटं तीच, भोकं तीच. हे त्यायले नक्की सांगा.

शॉर्टवेव्ह (पुसद)

वरच्या भाऊंचं लिहिणं वाचून मन भरून आलं. माझं वय आता पंचाहत्तरच्या वर आहे, जॅझ मी रेडिओवर शिकलो. व्हॉइस ऑफ अमेरिकावर १९५५ पासून विलिस कॉनोव्हरचा कार्यक्रम लागायचा, रात्री शॉर्टवेव्हला तो लावायचा म्हणजे तार अंगणातल्या कडुनिंबावर टाकावी लागे. तो माणूस इतका सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायचा की माझ्यासारख्या मराठी शाळेतल्या पोरालाही वादकांची नावं लिहून घेता येत. कोण कॉर्नेटवर, कोण क्लॅरिनेटवर, कोणत्या वर्षी, सगळं सांगायचा. तुमच्या मंडळाने हे जरूर करावं, रेकॉर्ड लावायच्या आधी वादकांची नावं फळ्यावर लिहावी. नाव माहीत असलं की माणूस त्या माणसाला शोधत ऐकतो.

नव्या माणसाला काय ऐकवावं? १९१७ ची ओरिजिनल डिक्सिलँड जॅझ बँडची रेकॉर्ड इतिहासात पहिली असेल पण ती पहिली लावू नका. त्यापेक्षा किंग ऑलिव्हर कितीतरी खोल आहे, आणि तोही नव्या कानाला जड जातो कारण १९२५ च्या आधी रेकॉर्डिंगला मायक्रोफोनच नव्हता, एका मोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून वाजवायचं आणि तो आवाज सरळ मेणावर कोरला जायचा. ऑलिव्हरच्या बँडने १९२३ च्या एप्रिलमध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी गेनेट कंपनीत रेकॉर्डिंग केलं, स्टुडिओ रेल्वेलाइनला लागून, गाडी आली की काम थांबवावं लागे. ढोलाच्या दणक्याने सुई उडायची म्हणून ढोलवाल्या बेबी डॉड्सला लाकडी ठोकळ्यांवर वाजवायला लावलं. आणि एकवीस वर्षांच्या लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट इतका जोरकस की त्याला बाकीच्यांच्या बराच मागे उभं केलं होतं असं त्या बँडची माणसंच सांगत. ही गोष्ट आधी सांगा आणि मग रेकॉर्ड लावा, लोकं खरखर विसरतात आणि मागे उभा असलेला पोरगा शोधायला लागतात.

पण अगदी पहिल्यांदा येणाऱ्यासाठी माझं मत स्पष्ट आहे, आर्मस्ट्राँगची २८ जून १९२८ ची वेस्ट एंड ब्लूज. ती विजेच्या रेकॉर्डिंगची आहे, आवाज स्वच्छ. सुरुवातीला तो एकटाच वाजवतो, ताल नाही, सोबत नाही, आपल्या आलापीसारखं, आणि शेवटाकडे एकच सूर चार बार धरून ठेवतो. मी आजवर ज्याला ज्याला ऐकवली, कीर्तनकाराला, बैलबाजारातल्या दलालाला, त्यातल्या एकानेही मधेच बोलायला तोंड उघडलं नाही.

आपल्या मुलखातला धागाही सांगा. १९३५ ला अमेरिकन लिऑन ॲबीचा बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला, मग पियानोवाला टेडी वेदरफोर्ड आला, आणि त्यांच्यात वाजवून, त्यांचं ऐकून आपले गोव्याचे वादक तयार झाले. चिक चॉकलेट नावाने प्रसिद्ध असलेले ट्रंपेटवाले पुढे आपल्या सी. रामचंद्रांचे सहायक होते, म्हणजे ज्या चाली तुमच्या बँडने वरातीत शेकडो वेळा वाजवल्या असतील त्यातल्या काहींत हा जॅझ आधीच आहे. आर्मस्ट्राँग स्वतः १९६४ ला मुंबईला येऊन वाजवून गेले. १९७८ पासून जॅझ यात्रा नावाचा महोत्सव भरायला लागला.

एका बाबतीत मात्र मी सहमत नाही. दिवाळीपर्यंत बँड उभा करायची घाई नको. आधी त्या वादकांना वर्षभर बैठकीला बसू द्या, कानात मुरू द्या.

पेटीवाली (तिवसा)

काका, तुमचा मान राखून सांगते, वर्षभर थांबले तर बँडवाले परत येणार नाहीत. लगीनसराई सुरू झाली की त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. एक नंबर बसवा, तो वाजवा, आणि वाजवता वाजवता कान तयार होतो. आमच्याकडे गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात लहान पोर खंजिरी घेऊन बसते ते शिकून बसत नाही, बसून शिकते.

मी पेटी वाजवते म्हणून मला एक रेकॉर्ड सुचवायचीच आहे. बेसी स्मिथने १४ जानेवारी १९२५ ला गायलेलं सेंट लुईस ब्लूज. त्यात गाणारी एक, कॉर्नेट आर्मस्ट्राँगचा, आणि तिसरं वाद्य हार्मोनियम! फ्रेड लाँगशॉ नावाचा वादक आहे. ढोल नाही, बँजो नाही, काही नाही. पेटी खाली सूर धरून बसली आहे, बेसी एक ओळ गाते आणि श्वासाला थांबते तेवढ्या जागेत कॉर्नेट तिला उत्तर देतो, परत ती तीच ओळ घेते, परत उत्तर, पण वेगळं, आणि मग तिसऱ्या ओळीत ती मनातलं बोलून मोकळी होते. मी ही आमच्या मंडळातल्या बायकांना ऐकवली. त्यांना इंग्रजीचा एक शब्द कळला नाही, पण एक आजी म्हणाल्या, नवरा सोडून गेला दिसते हिचा. अगदी तेच आहे त्या गाण्यात. पांढरं सोनं भाऊ, तुमच्या तबलजींना आणि कोणी पेटीवाले असतील त्यांना ही नक्की ऐकवा, तुमच्या कार्यक्रमात पेटी आणि ट्रंपेट दोघांवर हे बसू शकते.

आणि बायकांचं काय? तुमच्या लिहिण्यात कॉलेजच्या पोरी सोडून कोणी दिसली नाही. संध्याकाळची वेळ म्हणजे स्वयंपाकाची, कापूस वेचणी सुरू झाली की त्या दिवसभर वावरात आणि संध्याकाळी चुलीपाशी, त्या कशा येतील? अधूनमधून एखादी बैठक रविवारी दुपारी घ्या, वेचणीच्या दिवसात तर रात्री जेवणं झाल्यावर घ्या, कोणाच्या तरी ओसरीवर. आणि लिल हार्डिनबद्दल सांगा. ऑलिव्हरच्या त्या बँडात पियानोवर तीच होती, सगळ्या पुरुषांत एकटी बाई, नंतर आर्मस्ट्राँगची बायको झाली आणि तू दुसऱ्याच्या मागे किती दिवस वाजवशील, स्वतःच्या नावावर वाजव म्हणून त्याच्या मागे लागली ती पण तीच. आर्मस्ट्राँगच्या स्वतःच्या हॉट फाइव्ह बँडच्या सुरुवातीच्या रेकॉर्डींत पियानो तिचाच आहे. १९७१ ला आर्मस्ट्राँग गेले त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच त्यांच्या आठवणीच्या कार्यक्रमात पियानो वाजवता वाजवता ती कोसळली आणि गेली. तिच्या नावाने एक पूर्ण बैठक व्हायला पाहिजे.

कोर्टाची_पायरी (अमरावती)

परवानगीचं विचारलं त्याचं सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, त्यात नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबने किंवा तशा संस्थेने आपल्या कामाचा भाग म्हणून रेकॉर्डिंग ऐकवलं तर ते उल्लंघन धरत नाहीत. तुमची महिन्याची बैठक त्यात बसते. तिकीट लावू नका. शिवाय आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं असतो, त्यामुळे १९३० च्या आतल्या या रेकॉर्डी तर केव्हाच मोकळ्या झाल्या. इंटरनेट आर्काइव्हवर आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नॅशनल जूकबॉक्सवर जुने तवे ऐकायला मिळतात, आधी वायफायवर उतरवून पेनड्राइव्हवर घ्या, कार्यक्रमाच्या दिवशी नेटवर्कवर भरवसा ठेवू नका.

वाजवायचं मात्र वेगळं बघा, कारण तिथे चालीचा हक्क येतो आणि तो रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. सेंट्स पारंपरिक आहे, प्रश्न नाही. सेंट लुईस ब्लूज रचणारे डब्ल्यू. सी. हँडी १९५८ ला गेले, तेही मोकळं. डिपरमाउथवर ऑलिव्हरसोबत आर्मस्ट्राँगचंही नाव लागतं आणि ते १९७१ ला गेले, म्हणून ती रेकॉर्ड ऐकवा पण बँडला पैसे देऊन जाहीर कार्यक्रमात वाजवून घेऊ नका, पेटीवाली ताईंचं सुचवलेलं घ्या.

संस्था रजिस्टर करायच्या भानगडीत आत्ताच पडू नका. सात माणसं लागतात, मग दरवर्षी हिशेब, ऑडिट, धर्मादाय कार्यालयाच्या चकरा. वाचनालयाच्या कार्यकारिणीचा ठराव घ्या की हा वाचनालयाचाच उपक्रम आहे, तेवढं पुरे. लाउडस्पीकर लावणार असाल तर पोलीस स्टेशनला अर्ज द्या आणि रात्री दहाच्या आत आटपा.

पांढरं_सोनं (दर्यापूर तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. काल रात्री मास्तरांच्या घरी जाऊन आलो. अल्बर्ट सिस्टीमचं सांगितलं तर त्यांनी क्लॅरिनेट काढून दिव्याखाली धरलं, चाव्या मोजल्या, फोनवर जॉर्ज लुईसचा फोटो मोठा करून दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. तेच निघालं. मग त्यांनी पोराला उठवून दाखवलं.

शॉर्टवेव्ह काका, तुमचं म्हणणं टाळलं असं समजू नका. आम्ही असं ठरवलं की दिवाळीनंतर दोनच नंबर वाजवायचे, सेंट्स आणि सेंट लुईस ब्लूज, बाकी सगळा वेळ रेकॉर्डी आणि त्यांच्या गोष्टी, आणि बँडचे लोकं आतापासून प्रत्येक बैठकीला बसणार. पुढच्या बैठकीला फळ्यावर नावं लिहून वेस्ट एंड ब्लूज लावतो. ताई, लिल हार्डिनची बैठक रविवारी दुपारी दोन वाजता ठरवली, कंडक्टर काकांच्या ओसरीवर, सासू-सुना दोघींना सांगून आलो आहे. पेटी वाजवायला तुम्हीच आलात तर? तिवस्याहून गाडी पाठवतो.

एक शंका राहिली, आमच्याकडे दोन ट्रंपेटवाले आहेत आणि दोघंही चाल मीच धरणार म्हणतात. भाऊ, याचं काय करायचं?

क्लॅरिनेटवाला (अकोट)

दोघायले बी ठेवा. ऑलिव्हरच्या बँडात बी दोन कॉर्नेट होते ना, ऑलिव्हर आन् आर्मस्ट्राँग. मोठ्यानं चाल धराची, लहान्यानं त्याच्या खालून दुसरा सूर धरून सोबत चालाची, आन् मधात मधात दोघायनं मिळून दोन-दोन बारचा तुकडा घ्याचा. पुढच्या फेरीत अदलाबदल करा म्हंजे भांडण नाई. त्यायले डिपरमाउथ नका लावू, स्नेक रॅग लावा, १९२३ चीच हाये, त्यात दोघायचे जोडतुकडे साफ आयकू येतात. मी पुढच्या सोमवारी दर्यापूरले येऊन राहिलो, बाजाराच्या कामानं, संध्याकाळी मोकळा हावो. मास्तरायले सांगून ठेवा, माहं क्लॅरिनेट घेऊन येतो.

पेटीवाली (तिवसा)

येते. गाडी नको, एसटीने येते. फक्त पेटीचा सूर आधी तुमच्या ट्रंपेटशी फोनवर मिळवून पाहू, माझी पेटी जुनी आहे, काळी पाच थोडी उतरलेली वाटते.